ड्रोनची शिकवणी

११ जानेवारी, रविवार

पोचलो. साहेब विमानभर शिंकत होते. परराष्ट्र खात्याचा एवढा मोठा माणूस, पण रुमाल एकच, आणि तोही ओला. शेवटी मी माझा दिला. "ताई, देशाची अब्रू राखलीत," म्हणाले.

खोली मोठी आहे. पलंगावर दोन उशा, दोन्ही माझ्याच. नळ उघडला की गरम पाणी. मी कितीतरी वेळ हात नळाखाली धरून उभी राहिले, मग लाज वाटली आणि बंद केला. घरी सासूबाई तीन स्वेटरांवर माझा कोट चढवून बसल्या असतील. वीज दिवसाला चार तास, तीही मनात येईल तेव्हा. शत्रूने आमचे ट्रान्सफॉर्मर एकेक करून टिपलेत.

त्यासाठीच मी इथे आहे. या देशाकडे तेल आहे, पैसा आहे, पण मागच्या वर्षी कुणीतरी चार स्वस्तातले ड्रोन सोडून यांचा तेलाचा कारखाना पेटवला आणि यांच्या महागड्या तोफा आकाशाकडे बघत राहिल्या. आम्ही तीन वर्षं तेच झेलतोय. म्हणून आम्ही यांना शिकवायचं आणि बदल्यात यांनी आमच्या शहराला नऊ मोठे ट्रान्सफॉर्मर द्यायचे. तीन हप्त्यांत.

मी मोबाइल दुरुस्त करणारी बाई. नवरा आणि मी मिळून दुकान चालवायचो. युद्ध सुरू झालं तेव्हा आमची लेक, ठमी, एक मोडका ड्रोन पिशवीत घालून घेऊन आली. "आई, तुझ्याच्याने होतंय का बघ." झालं. मग दुसरा आला, मग पोतंभर. आता आमच्या दुकानातून पाच तुकड्यांना ड्रोन जातात आणि ठमी आघाडीवर ते उडवते. मीही दोन हिवाळे तिथे जाऊन उडवायला शिकवलंय. मला तिथे सगळे काकू म्हणतात.

इथलं काहीही फोनवर बोलायचं नाही अशी सूचना आहे. माझ्या पोटात काही राहत नाही. म्हणून ही वही.

१२ जानेवारी, सोमवार

पहिला वर्ग. मी आत गेले तर बाराच्या बारा अधिकारी ताडकन उभे राहिले. मी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून.

माझ्यासाठी होतं ते.

दहावी पास मी. गिऱ्हाईकं मला "ए मॅडम, काच बदलून द्या लवकर" असं म्हणायची. इथे त्यांच्या कर्नलने स्वतः खुर्ची ओढून दिली. कर्नल तरुणपणी आमच्या देशात शिकायला होता, त्याला आमची भाषा तोडकीमोडकी येते. बाकीच्यांसाठी दुभाषी आहे. चोविशीतली मुलगी, बारीक, पण आवाज खणखणीत. मी एक वाक्य बोलते, ती लगेच ते तिकडे पोचवते, जसं काही मीच त्यांच्या भाषेत बोलतेय.

सवयीप्रमाणे सगळ्यांना नावं ठेवून टाकली. लंबू, ढेऱ्या, घड्याळवाला. मागच्या बाकावर एक लेफ्टनंट बसतो, तोंडातून शब्द काढत नाही. तो गप्प्या.

१५ जानेवारी, गुरुवार

गप्प्या बोलला! आणि काय प्रश्न विचारला! म्हणाला, येणारा ड्रोन पाडणं ठीक, पण तो सोडणारा माणूस कुठेतरी लपलेला असणार. तो वरून कसा ओळखायचा?

बाकीचे अकरा जण तीन दिवस बॅटरीवरच अडकलेत. हा थेट मुद्द्यावर. मी फळ्यावर चित्र काढून दाखवलं. माणूस स्वतः लपतो, पण त्याची वाट लपत नाही. त्याला पाणी लागतं, जेवण लागतं, कुणीतरी रोज ये-जा करतं आणि गवत दबतं. माणूस शोधू नका, वाट शोधा. वाट जिथे संपते तिथे थांबा.

हे सांगताना दुभाषी मध्येच थांबली. पाणी प्यायली. मग पुढचं सांगितलं. बिचारीचा घसा बसला असेल. सहा तास दोघांच्या वाटचं बोलायचं म्हणजे काय चेष्टा आहे का!

गप्प्याने सगळं वहीत उतरवून घेतलं, चित्रासकट.  कुणी माझं बोलणं लिहून घेईल असं आयुष्यात वाटलं नव्हतं.

२१ जानेवारी, बुधवार

मधल्या सुट्टीत दुभाषी आणि मी चहा घेतो. ती साखर अजिबात घेत नाही, मी तीन चमचे. आज तिने विचारलं, "मॅडम, ड्रोन वर आला आणि हातात काहीच नसलं, साध्या माणसाकडे काय असणार, तर काय करायचं?"

बघा. बारा फौजींना जे सुचलं नाही ते या मुलीला सुचलं. मी खूश होऊन सगळं सांगितलं. आमच्याकडे शाळेतल्या पोरांनासुद्धा पाठ आहे. पळायचं नाही, पळणारं आधी दिसतं. आवाज आला की जवळच्या झाडाच्या बुंध्याला चिकटायचं, मान खाली, हात पोटाशी. घोळक्याने थांबायचं नाही, एकमेकांपासून लांब.

"आणि लहान मूल असेल तर?"

"तेही लांब. प्रत्येकाने आपलं झाड धरायचं."

"कडेवर नाही घ्यायचं?"

"दोन जीव एका जागी कशाला?"

ती कपाकडे बघत राहिली. मी विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हणाली, मावशीने वाढवलं. मावशी दक्षिणेला डोंगरात राहते. तिकडे काय असतं, विचारलं तर म्हणाली, "शेळ्या असतात. आणि पाण्याला फार लांब जावं लागतं."

मी म्हटलं, एकदा ने मला. ती हसली, पण हो म्हणाली नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

नवऱ्याचा फोन. पहिला हप्ता, तीन ट्रान्सफॉर्मर, पोचले, त्यातला एक आमच्याच भागात बसवला. काल अकरा तास सलग वीज होती.

"आईने कोट काढला," तो म्हणाला.

"आणि?"

"आणि लगेच कुरकुर सुरू केली, उकडतंय म्हणून."

दोघंही हसलो.  म्हटलं, ठमीचं काय? म्हणाला, नऊ दिवस निरोप नाही. तुकडी हलवलीये म्हणे. तो सहज सांगतोय असं दाखवत होता. पंचवीस वर्षं संसार केलाय, मला काय कळत नाही?

साहेब जेवताना म्हणाले, ताई, तुमच्या वर्गाचं वर फार कौतुक आहे. शेजारच्या दोन देशांनी आपल्याकडे माणसं मागितलीत. वर्षभरापूर्वी हेच लोक आपला फोन उचलत नव्हते.

मी एकटी खोलीत आले आणि आरशात बघून मान ताठ केली. वेडीच मी.

४ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी कर्नलकडे जेवण. साहेब होते, मी होते. मी धीर करून साहेबांकडे विषय काढला की मदतीला कुणी मिळालं तर बरं होईल, आमची ठमी माझ्यापेक्षा चांगली उडवते. साहेबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यांना कळलं. आईच्या मनातलं कळायला परराष्ट्र खातं कशाला लागतं? पोटच्या पोरीसाठी वशिला लावला मी. आघाडीवर तिच्याबरोबर आणखी दहा जणांच्या आया आहेत, त्यांना कुठे साहेब आहे? तरी लावला.

मग बोलणं माझ्या वर्गावर आलं. कर्नलने विचारलं, सगळ्यात हुशार कोण? मी म्हटलं, गप्प्या, पण खरं सांगू का, त्या सगळ्यांपेक्षा तुमची दुभाषी हुशार आहे. चहाच्या वेळीसुद्धा शिकत असते. लपायचं कसं, मुलांना कसं वाचवायचं, सगळं विचारून घेते. तिला वर्गातच बसवा.

कर्नलने चमचा खाली ठेवला. "असं? काय काय विचारते?"

मी सगळं सांगितलं. तो इतकं लक्ष देऊन ऐकत होता! माझ्या नवऱ्यानेसुद्धा माझं बोलणं एवढं मन लावून कधी ऐकलं नसेल. पोरीचं भलं होईल, बढती मिळेल, असं वाटलं. साहेबांनी मध्येच पाण्याचा पेला सांडला, ती गडबड झाली आणि विषय तिथेच राहिला.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज दुभाषी नाही. तिच्या जागी टाय घातलेला एक म्हातारा आलाय. हा माझं एक वाक्य दोन शब्दांत गुंडाळतो.

कर्नलला विचारलं. म्हणाला, गावी गेली. मावशी आजारी आहे.

मला सांगून तरी गेली असती. मावशीचं कर्नलला कुणी सांगितलं? त्या दिवशी जेवताना मीच बोलले की काय? आठवत नाही. बहुतेक तिनेच रजा मागताना सांगितलं असेल.

वर्गही अर्धाच आहे. गप्प्या, लंबू आणि आणखी चार जण दहा दिवस सरावाला गेलेत. चहा एकटीने घेतला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ठमीचा निरोप आला. दोनच शब्द, "आहे मी." नवऱ्याने तो दोनदा वाचून दाखवला. दुसरा हप्ताही घरी पोचला. आता नऊपैकी सहा झाले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुसरं कुणाला सांगू?

वर्ग सुटल्यावर गप्प्या आला. लॅपटॉप छातीशी धरलेला, मागे म्हातारा दुभाषी. पोरं गृहपाठ दाखवायला येतात तशी त्याची चर्या. म्हणाला, मॅडम, तुम्ही शिकवलं तसंच केलंय, बघा.

वरून घेतलेलं चित्रण होतं. दगडाळ उतार, मधून पायवाट. मी म्हटलं, "थोडी घाई केलीस. इथे जरा थांबायला हवं होतं." त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं. मी पुढे बघत होते. पायवाटेवर सहा-सात ठिपके. मी म्हटलं, "सूर्य पाठीशी घ्यायचा, आता समोरून येतोयस." तेही त्याने लिहून घेतलं.

मग मला डबे दिसले. प्रत्येक ठिपक्याच्या हातात पाण्याचे डबे होते.

त्यांनी आवाज ऐकला असावा. पळाले नाहीत. एक बाई पुढे होती, तिने हात केला आणि सगळे झाडांकडे गेले. एकेक झाड धरून उभे राहिले. मान खाली, हात पोटाशी. त्यातली दोन लहान होती. तीही वेगवेगळ्या झाडांना, एकटी एकटी. त्यांतलं एक सारखं बाईच्या झाडाकडे जायला निघत होतं आणि बाई तिथूनच हाताने त्याला मागे ढकलत होती, हवेतच.

असं उभं राहायला आमचेच लोक शिकलेत. जगात दुसरीकडे कुणाला माहीत नाही. मी इथे फक्त एकीला सांगितलं होतं.

गप्प्याचा ड्रोन माणसं शोधत फिरला नाही. तो पायवाटेने गेला. वाट जिथे संपली तिथे, त्या झाडांपाशी, थांबला. मग खाली आला.

ड्रोन फुटला की त्यानंतर पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात. ते मी हजारदा बघितलंय.

तो दुसरं चित्रण लावायला लागला. मी हात धरला त्याचा. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला, शाबासकीची वाट बघत. म्हातारा दुभाषी खिडकीबाहेर बघत होता.

मी म्हटलं, "बरोबर आहे."

हे शब्द माझे आहेत. म्हाताऱ्याने ते बरोबर पोचवले असणार, कारण गप्प्या हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पोट बिघडलं म्हणून वर्ग घेतला नाही. 

कर्नलने चमचा खाली ठेवला होता. मी अजून बोलतच होते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

साहेबांच्या खोलीत गेले. सर्दी अजून तशीच. मी सगळं सांगितलं. पायवाट, डबे, झाडं, मुलं.

त्यांनी विचारलं नाही की कुठले लोक. म्हणजे त्यांना माहीत होतं.

"दक्षिणेच्या डोंगरात यांचं भांडण जुनं आहे, ताई. ते लोक यांना मानत नाहीत, हे त्यांना माणसं मानत नाहीत."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अंदाज होता."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तुम्ही इतकं छान शिकवलं असतंत का?"

 मग तेच बोलले, हळू आवाजात, रुमालाच्या घड्या घालत. "ताई, आपल्याकडे तेल नाही. गहू जळाला. जगाला देण्यासारखं काय आहे आपल्याकडे? तीन वर्षांच्या मरणातून एकच पीक आलंय, ही विद्या. ती विकत घ्यायला लोक दारात उभे आहेत. परवा एका मंत्र्याने मला स्वतः फोन केला. मला! का, तर आपल्याकडे एक मोबाइलवाली बाई आहे. या फोनांवर आपला देश उभा आहे. त्यांनी उद्या आपला हात सोडला तर आपल्याकडे झाडं धरून उभी राहणारी माणसं किती असतील?"

त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येईना. तेच तर वाईट.

मी दुभाषीबद्दल विचारलं. म्हणाले, "मी चौकशी केली होती. पुन्हा करू नका म्हणाले."

"त्या दिवशी मीच..."

"मी पाणी सांडलं होतं, ताई," ते म्हणाले. "पण उशीर केला." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "हे कुठे बोलू नका. तुमच्यासाठी सांगतोय."

मला तिचं नावसुद्धा नीट म्हणता येत नव्हतं. मी तिला नुसतं "पोरी" म्हणायचे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काल आणि आज वर्ग घेतला. लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला स्वतःशी खोटं बोलता येणार नाही. सगळं कळल्यावरही दोन दिवस मी फळ्यापुढे उभी होते. उरलेले तीन ट्रान्सफॉर्मर येणारेत. त्यातला एक प्रसूतीच्या दवाखान्याला आहे, असं नवरा म्हणाला. मनाशी हिशेब मांडत होते की तिकडची मुलं आणि इकडची मुलं. असा हिशेब मांडणाऱ्या बाईला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

आज गप्प्याने विचारलं, बुंध्याला चिकटलेला माणूस झाडापासून वेगळा कसा ओळखायचा? वाट नसेल तर?

उत्तर मला येतं. मी म्हटलं, "माहीत नाही."

तो मान वाकडी करून बघत राहिला. चांगला विद्यार्थी आहे, मास्तर खोटं बोलतोय हे त्याला कळतं. त्याने वही मिटली, पण पेन हातातच ठेवलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी साहेबांना सांगितलं, मी यापुढे शिकवणार नाही. मला वाटलं रागावतील. दवाखान्याचं काढतील, देशाचं काढतील. मी सगळ्याला उत्तरं तयार करून गेले होते, रस्ताभर ओठ हलवत.

ते म्हणाले, "ठीक आहे."

 एवढं सोपं होतं? मग सोमवारी का नाही सांगितलं?

"तुमच्या जागी कुणीतरी द्यावं लागेल," ते म्हणाले. "करार आहे. माझ्याकडे एकच नाव आहे, ताई. तुम्हीच दिलेलं."

मी म्हटलं, ठमीला यात ओढू नका.

"नको म्हणून कळवू? तसं लिहून द्या. तुमच्या सहीने. म्हणजे ती तिकडेच राहील, तिच्या तुकडीत."

कागद आणि पेन त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. ते निर्दयपणे बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की मी ठरवावं.

मी कागद जवळ ओढला. मग पेन तसंच ठेवून उठले.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ठमीचा फोन. तिचाच, तिच्या आवाजात! सात आठवड्यांनी.

"आई! मला मागे बोलावलंय. तुझ्या जागी! तू काय जादू केलीस गं?"

मी म्हटलं, कशी आहेस.

"चांगलीये. बोटं जरा बधिर आहेत, होतील बरी." मग थोडं थांबून, "आम्ही अकराचे पाच राहिलोय, आई. मी निघताना कुणी काही बोललं नाही. म्हणजे चिडून नाही. बूट दिले मला चांगले." आणि लगेच, "तिथे म्हणे गरम पाणी असतं?"

"हो."

"किती वेळ?"

"चोवीस तास."

ती लहान असताना बाहुली मिळाली की ओरडायची तशी ओरडली. फोनवर काही बोलायचं नाही असा नियम आहे. भेटल्यावर सांगेन. तोंडावर सगळं सांगेन आणि मग ठरवू दे तिला तिचं.

४ मार्च, बुधवार

तिचं विमान सकाळी उतरणार, माझं तासाभराने सुटणार. साहेबांनी मुद्दामच तसं जमवलं असावं, आम्हाला भेटता यावं म्हणून. विमानतळावर एका लांब खोलीत आम्हाला बसवलं. आत सोफे आणि मोठी काच.

ती आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. गालफडं वर आलेली, पायात दुसऱ्याच कुणाचे तरी बूट. मिठी मारली तर हाताला सगळी हाडं लागली.

मी काय बोलायचं ते पाठ करून आले होते. आधी दुभाषीचं, मग पायवाटेचं. शेवटी असं की तू नाही म्हणालीस तर मी तुझ्या पाठीशी आहे.

"वर्गाचं काही सांगायचंय का?" तिनेच विचारलं.

"आधी खा."

तिने दोन पाव खाल्ले, उभ्या उभ्या, इकडेतिकडे बघत. मग माझ्याशेजारी बसली. काचेबाहेर एक विमान उडालं, त्या आवाजाने तिचा हात माझ्या मांडीवर घट्ट आवळला गेला. मी म्हटलं, काही नाही, प्रवासी विमान आहे. "हो हो, माहितीये," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी तोंड उघडेपर्यंत ती झोपली होती.

झोपली म्हणजे कशी! तोंड उघडं, श्वास खोल, जशी सहा महिन्यांची असताना झोपायची. केसांना धुराचा वास होता. माझ्याकडे चाळीस मिनिटं होती. मी घड्याळाकडे बघत होते. तीस. वीस. मनात म्हणत होते, आता उठवते, पाच मिनिटांनी उठवते. उठवून सांगितलं तर ती काय करेल ते मला पक्कं माहीत होतं. माझीच पोरगी आहे, पण माझ्यापेक्षा सरळ आहे. ती ऐकून घेईल, बूट आवळेल आणि परत जाईल. पाचांत सहावी व्हायला नाही, पाचांतली पाचवी व्हायला.

साहेब दारात आले. "ताई, तुमचं विमान."

मी तिचं डोकं हळूच पिशवीवर टेकवलं. अजूनही वेळ होता. चिठ्ठी लिहायची म्हणून पेन काढलं, तिकिटाच्या पाकिटावर लिहिलं, "जेवत जा." पुढे लिहायला जागा भरपूर होती.

पाकीट तिच्या हाताखाली सरकवून निघाले. साहेब माझ्याकडे बघत नव्हते.

५ मार्च, गुरुवार

दुपारी घरी पोचले. जिन्यात दिवा होता. सासूबाईंनी दारातच विचारलं, "पोरगी सुखरूप पोचली ना?" म्हटलं, पोचली. "मग झालं तर," म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या.

नवऱ्याने दुकान लवकर बंद केलं. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मी त्याला सगळं सांगितलं. दुभाषी, कर्नल, पायवाट, मुलं. "बरोबर आहे" म्हणाले तेही.  त्याचा चहा गार झाला, वर साय धरली. मग म्हणाला, "तुला काय माहीत होतं त्या पोरीचं? तू तर कौतुक केलंस." त्याला मला वाचवायचं होतं. मी मान हलवली.

मग त्याने विचारलं, "आणि ठमीला? तिला सांगितलंस ना हे सगळं?"

"हो."

"काय म्हणाली?"

"विचार करते म्हणाली."

त्याने मोठा श्वास सोडला. इतका वेळ रोखून धरला होता हे मला तेव्हा दिसलं. "मग ठीक आहे," तो म्हणाला. "सगळं माहीत असून ती तिथे राहिली, तर तिचं काहीतरी कारण असेल. ती चुकीचं वागणार नाही." आणि त्याने माझ्या हातावर हात ठेवला.

मी माझा काढून घेतला नाही.